दात झिजलेली पक्कड

भय्याजींचं बोट खिशातून आरपार गेलं आणि थेट पोटाला लागलं. क्षणभर त्यांना कळेचना, की आपल्याला हे थंडगार काय शिवलं. छापखान्यात दुपारची सुस्ती होती. मालक केशवराव आतल्या खाटेवर आडवे झालेले, मशीन बंद, आणि भय्याजी खिडकीपाशी उभे राहून एका लग्नपत्रिकेचे खिळे जुळवत होते. तुळशीचं लग्न लागलं की भंडाऱ्यात माणसांच्या लग्नांची घाई सुटते. शिशाची तीच ती अक्षरं, तेच ते आग्रहाचं निमंत्रण, फक्त नावं बदलायची. मजकूर सवयीचा असला की त्यांचा डावा हात आपोआप सदऱ्याखाली जायचा, बंडीच्या आतल्या खिशाकडे. काढायचं काही नसे. नुसतं चाचपायचं, आहे ना, आहे, आणि पुन्हा कामाला लागायचं. दुभत्या गाईच्या मालकाने येता-जाता गोठ्यात डोकावावं तसं. आज खिसा होता, पण खिशाला तळ नव्हता. शिवण उसवली होती आणि पक्कड गेली होती.

आता कोणी म्हणेल, पक्कड ती काय आणि तिचं एवढं कौतुक ते काय. पक्कडच होती. वीतभरसुद्धा नाही, मधला सांधा सरकवला की जबडा लहानमोठा होणारी, पुढची टोकं बगळ्याच्या चोचीसारखी निमुळती, आणि दात असे झिजलेले की लोखंडी खिळा धरायला जावं तर सुळकन निसटावा. पण अर्ध्या वस्तीला ती ठाऊक होती. कोणाचा नळ, कोणाच्या स्टोव्हची पिन, पोराच्या दप्तराचं बक्कल, रेडिओचं बटण; भय्याजीले बोलवा, त्यायच्या खिशात असतेच, असं म्हणत लोक दाराशी यायचे. कंपोझिटर माणूस बारा महिने पोटाशी पक्कड बाळगून का हिंडतो हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी भय्याजींनी सांगितलं नसतं. ती कोणाच्या नळासाठी नव्हतीच मुळी. ती एका जोडव्यासाठी होती. उजव्या पायाच्या, अंगठ्याशेजारच्या बोटातल्या चांदीच्या जोडव्यासाठी. आणि तो पाय होता त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईचा. जगासाठी सत्यभामाबाई. भय्याजींसाठी नुसती 'ती'. नाव त्यांनी जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात, आणि तेही अडखळत.

ती कालच करडीहून आली होती. तिथे भय्याजींच्या थोरल्या भावाची धानाची शेती, कापणीचे दिवस, आणि हिला भंडाऱ्यात बसवत नाही. चार दिवस बांध्यांमधून, धानाच्या खाचरांमधून, वाकून कापणी करून आली. आज सकाळी चहाची बशी पुढे ठेवताना ती सगळा भार डाव्या पायावर घेऊन उभी होती, हे भय्याजींनी पाहिलं होतं. म्हणजे आज दिवेलागणीला सूज नेहमीच्या दुप्पट. सूज चढली की जोडवं मांसात रुततं, बोट आधी लाल होतं, मग जांभळं, आणि बाई तोंडातून अवाक्षर काढत नाही. भिंतीला टेकून बसते, डोळे दाराकडे. भय्याजी येणार, खिशातून पक्कड काढणार, जोडव्याचं तोंड जरासं फाकवणार, मग ती श्वास सोडणार. आज ते येणार आणि काय काढणार? भोक? त्यांनी दुपारचा चहा सोडला, सायकल घेतली आणि आल्या वाटेने घरापर्यंत हळूहळू गेले, नजर जमिनीवर. चमकणारं सगळंच त्यांना पक्कड वाटू लागलं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, बाटलीचं बूच, बैलाच्या खुरातून पडलेली पत्री. गिरणीसमोर भाताचा कोंडा उडून कडेला साचला होता, तिथे उतरून त्यांनी पायाने उकरूनही पाहिलं. गिरणीतला हमाल म्हणाला, काय पडलं जी? काही नाही, असं म्हणून ते पुढे गेले. करडीला जायच्या आधीपासून ती म्हणत होती, बंडी द्या, खिसा उसवला. आज देतो, उद्या देतो. स्वतःच्या आळसाला त्यांनी मनातल्या मनात दोन ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. घराच्या वळणापर्यंत जाऊन दार न उघडताच ते परतले.

तो पाय मोडला तोही करडीलाच. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली असतील. रोवणीचे दिवस होते, चिखल गुडघ्याइतका, आणि चिखलणीचा बैल कशाने तरी बुजून मागे सरला तो थेट हिच्या पावलावर. बाई ओरडली नाही. हातातले पऱ्हे, ती धानाची रोपं, रोवून झाल्यावर बांधावर येऊन बसली आणि म्हणाली, पायाले कायतरी झालं वाटते. हाड जुळलं ते तिरपं जुळलं. दिवसभर बरं असायचं, पण दिवस कलला की त्या बोटाला सूज. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, हे जोडवं कापून काढा, नाहीतर एक दिवस बोट काळं पडेल. तिने डॉक्टरकडे पाहिलं नाही, भय्याजींकडेही नाही. समोरच्या भिंतीला विचारल्यासारखं म्हणाली, "हे जित्ते असतानी?" डॉक्टर हसला, मग हसायचा थांबला. टांग्यातून घरी येताना भय्याजींच्या कानात तेच घुमत राहिलं. जोडवं उतरतं ते नवरा गेल्यावर. आपण तर धडधाकट, शेजारी बसलो, गुडघा हिच्या लुगड्याला लागतो आहे. आपलं जिवंत असणं कोणाच्या तरी पायाच्या बोटात इतकं घट्ट बसलं आहे, हे कळून त्यांना आतून गुदगुल्या झाल्या आणि त्याच दमात भीतीही वाटली. बोट काळं पडलं तर ते आपल्या जगण्यापायी.

त्या संध्याकाळी त्यांनी सरळ हात पुढे केला होता. जोडव्याचं तोंड दोन बोटांनी फाकवू, त्यात काय. तर तिने पाय असा झटक्याने ओढला की कंदील आडवा झाला. "पायाले हात नोका लावू," ती म्हणाली, "मले पाप लागते." नवऱ्याने बायकोच्या पायाला शिवायचं नाही, हे काय भय्याजींना ठाऊक नव्हतं? पण माहीत असणं निराळं आणि अंगावर येणं निराळं. तिनेही स्वतः करून पाहिलं. अड्याळला माहेरी आईने लेकीला लग्नात जोडवी दिली ती चांगली जाडजूड, चांदी कधी न वाकवलेली, ताठ, नख मोडलं तरी तोंड हलेना. मग भय्याजींनी चुलीजवळची सांडशी आणली. ती म्हणाली, सांडशीनं दूध उतरवतो आपण, ते पायाले लावाचं? खरंच होतं. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून खिळे उचलायचा चिमटा आणला. तिने त्याची काळी टोकं पाहिली, आणि हात जोडले. हे अक्षरायचं आहे ना, सरसोतीले पाय लावू का मी? वर्षानुवर्षं चिमट्याने अक्षरं उचलणारा माणूस, त्याच्या हे डोक्यात आलं नाही आणि सही करताना बोट थरथरणाऱ्या बाईच्या आलं. तिसऱ्या दिवशी बोटाचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला. त्या रात्रभर ते कुशीवर कुशी बदलत राहिले आणि पहाटे त्यांना कळलं की आपल्याला असं लोखंड पाहिजे जे कोणाचंच नाही. चुलीचं नाही, विद्येचं नाही, देवाचं तर नाहीच नाही. आणि घरी आणून ते असं ठेवायचं की चुकून भाकरीशी, पुस्तकाशी लागणार नाही. म्हणजे आपल्याच खिशात, अंगाला चिकटून.

बाबूलालचं लोखंडी सामानाचं दुकान तेव्हा लहान होतं. बिजागऱ्या, कड्या, साखळ्या, आणि दाराशी जुन्या अवजारांची एक टोपली. भय्याजींनी त्या टोपलीसमोर बसकण मारली ती उठायचं नाव नाही. एक पक्कड घ्यायची, उघडमीट करायची, टोकं स्वतःच्या करंगळीला लावून पाहायची, खिशात घालायची, चार पावलं चालून यायची, काढून ठेवायची. मोठी असली तर खिसा लोंबतो, लहान असली तर आपलं बोट तिच्या पायाला लागणार. जबडा एकाच मापाचा असला तर सूज आलेल्या दिवशी पुरत नाही. आणि दात. दात असले तर चांदी चावणार, चांदी सुटली तर मांस. बाबूलाल बघत होता. कोणत्या कामाले पाहिजे, त्याने विचारलं. भय्याजींच्या तोंडून निघून गेलं, सायकलीले. अन् सायकल कधी घेतली? घेऊन राहिलो, ते म्हणाले. शेवटी टोपलीच्या तळातून ती निघाली, कोण्या मरून गेलेल्या कारागिराची असावी, सांधा टक् असा आवाज करून सरकायचा आणि दात तर पार गुळगुळीत. बाबूलालने कपाळाला हात लावला. भाऊ, दात गेलेली पक्कड म्हणजे दात गेलेला कुत्रा, काय धरन ते? भय्याजी म्हणाले, मले हेच पाहिजे. नंतर गावभर बाबूलाल विचारत सुटला, सायकल आली का, सायकल आली का. सहा महिन्यांनी भय्याजींनी खरोखरच एक जुनी सायकल घेऊन टाकली. एका थापेपायी माणूस सायकलवाला झाला. लोकांचे नळ दुरुस्त करू लागला तेही त्याच थापेपायी, कारण खिशात पक्कड आहे म्हटल्यावर तिला काहीतरी काम दाखवणं भाग होतं.

तिला मात्र त्यांनी ती पहिल्या संध्याकाळी हातात दिली होती. तिने उलटसुलट करून पाहिली. हे कोनाचं? कोनाचंच नाही, ते म्हणाले. तिने थोडा विचार केला, गोणपाटाची घडी घातली, तिच्यावर पाय ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. लोखंडाला कसलं आलं पाप. टक्. भय्याजींनी श्वास रोखून जोडव्याचं एक टोक धरलं, केसभर फाकवलं, मग दुसरं. त्यांचं बोट कुठेही लागलं नाही. त्या दिवसापासून दिवे लागले की गोणपाटाची घडी पडायची. सकाळी सूज उतरलेली असायची, तेव्हा ती चुलीपुढे बसल्या-बसल्या स्वतःच चिमटीत धरून जोडवं पुन्हा दाबून घ्यायची, गळून हरवू नये म्हणून. आणि संध्याकाळी पुन्हा पाय घडीवर. काम ते किती, चिलीम पेटायला लागेल तेवढ्या वेळाचं. पण त्या तेवढ्या वेळात ती बोलायची. एरवी दिवसभर पाणी आलं, पीठ सरलं, असल्याच गोष्टी. पाय घडीवर आला की मात्र कुठले कुठले धागे निघायचे. अड्याळच्या बाजारात तिने लहानपणी हरवलेली बकरी. लेक पोटात असताना तिला आंबागडच्या डोंगरावरची माती खावीशी वाटली होती, आणि कोणाला सांगितलं नाही. सासूने एकदा तिच्या हातच्या भाताला नावं ठेवली, मग गुपचूप दोनदा वाढून घेतला. भय्याजी खाली मान घालून ऐकायचे. हूं म्हणायचे. जोडवं सैल होऊन गेलेलं असायचं, तरी पक्कड तशीच धरून ठेवायचे, आणखी थोडं राहिलं, असं म्हणायचे. लेक लग्न होऊन तुमसरला गेली त्या संध्याकाळी तर दोघंही काही बोलले नाहीत. नुसती पक्कड जोडव्याला लावलेली, दिवा, आणि बाहेर कोणाचा तरी रेडिओ.

या सुखात एक खडा होता, आणि तो भय्याजींनी कोणाला सांगितला नव्हता. शिशाच्या, लोखंडाच्या सहवासात जन्म गेलेला माणूस. रोज वाकवलेली तार एक दिवस तुटते, हे त्यांना कळत होतं. तेच जोडवं, तीच जागा, रोज संध्याकाळी फाकव, रोज सकाळी दाब. एक दिवस आपल्या हातातल्या पकडीत ते कट्कन तुटणार, आणि नवऱ्याच्या हातून बायकोचं जोडवं तुटलं हे तिच्या मनाला काय वाटेल? या भीतीने ते दर वर्षी अधिकाधिक हळू होत गेले. स्वप्नातसुद्धा त्यांना कधी कधी तो आवाज यायचा आणि जागे होऊन ते अंधारात तिच्या पायांच्या दिशेने पाहत पडायचे. हात लांबवला असता तर लागला असता पाय. नाही लांबवला. एका घरात, एका सतरंजीवर एवढी वर्षं, आणि त्या पावलाची इंच न् इंच जागा डोळ्यांनी पाठ असून हाताला परकी. आज पक्कड गेली तर हे सगळंच गेलं की काय, असं सायकल बाबूलालच्या दुकानासमोर उभी करताना त्यांच्या मनात आलं.

दुकान आता ऐसपैस झालं होतं. बाबूलालच्या मिशा पिकल्या होत्या, टोपलीच्या जागी काचेचं कपाट होतं, आणि कपाटात लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या मुठींच्या पकडी ओळीने टांगलेल्या. "या, बिनदाताच्या पकडीवाले," बाबूलाल म्हणाला. भय्याजींनी हसण्याचा प्रयत्न केला. जुन्या अवजारांची टोपली कुठे गेली, विचारलं. भंगारात गेली ते जमाना झाला, असं कळलं. मग पुन्हा तेच सुरू झालं, करंगळीला लावून पाहणं, खिशात घालणं, चार पावलं चालणं. फरक एवढाच की आता डाव्या बाजूला खिसाच नव्हता, पक्कड हाताने पोटाशी दाबून चालायचं. लाल मुठीची चांगली होती पण तार कापायचं पातं नेमकं तिथेच जिथे जोडवं येणार. पिवळीला स्प्रिंग होती, हात सैल सोडला की आपोआप फाकणारी, म्हणजे जोडव्याचं तोंडच वासायचं. एक पाण्याच्या पाइपाची होती, सांधा सात ठिकाणी सरकायचा, पण ती खिशात नाही, खांद्यावर घालावी लागली असती. शेवटी एका डब्यातून बाबूलालने एक लहान काढली, बिनरंगाची, सरकत्या सांध्याची, निमुळत्या टोकांची. हुबेहूब तीच. भय्याजींचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांनी जबड्यावरून बोट फिरवलं. मगरीचे दात. हे कानशीनं घासून देता का, त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. बाबूलालने दोन्ही हात गल्ल्यावर ठेवले. नवी पक्कड, दातांसाठीच तर लोक घेतात, आणि हा मनुष्य दात पाडून मागतो. "भय्याजी," तो म्हणाला, आणि आवाजात थट्टा नव्हती, "इतके वर्ष झाले. तुमी धरता तरी काय ह्या पकडीनं?"

भय्याजींना वाटलं, सांगून टाकावं. ओठांपर्यंत आलंही. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दुकानाबाहेर ऊन उतरत होतं, समोरच्या हॉटेलातला दिवा लागला, आणि त्या एका दिव्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे गोणपाटाची घडी आली. "द्या हेच," ते म्हणाले. परतताना ते पेडल मारत होते आणि मनाशी हिशेब घालत होते, की जबडा पुरता मिटायचा नाही, नुसत्या टोकाने धरायचं, दात लागूच द्यायचे नाहीत. कंपोझिटरचा हात आहे. होईल. होतं. न होऊन जातं कुठे. वाटेत शेजारच्या जनाबाईने हाक मारली, नळ गळते जी. पहिल्यांदाच ते न थांबता पुढे गेले.

ती भिंतीला टेकून बसली होती. गोणपाट घडी करून पुढे ठेवलेलं, त्यावर पाय, आणि बोट, भय्याजींनी दारातूनच पाहिलं, त्या पहिल्या वर्षीच्या तिसऱ्या दिवशी होतं तसं जांभळं. कपाळावर बारीक घाम. उशीर झाला, ती म्हणाली नाही. हात धुवा, एवढंच म्हणाली. त्यांनी हात धुतले, समोर बसले, सदऱ्याच्या खिशातून पक्कड काढली. सांधा सरकवला. तो गप्पकन सरकला, टक् झालं नाही. तिने भिंतीवरची नजर काढून पकडीकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळवली. भय्याजींनी टोकं जोडव्याला लावली. पहिल्यांदा नीट बसली. दुसऱ्यांदा थोडा जोर दिला आणि दात चांदीवरून कर्रकन घसरले ते सरळ बोटावर. तिने फक्त श्वास आत ओढला. जांभळ्या कातडीवर रक्ताचा एक टिपूस आला, हळूहळू मोठा झाला आणि थांबला. भय्याजींनी पक्कड जमिनीवर ठेवली, लांब सारली आणि लहान पोराने सांगावं तसं सांगून टाकलं, की जुनी हरवली, खिशाले भोक होतं, दुपारपासून शोधून राहिलो, गावभर फिरलो. ती म्हणाली, मालूम आहे, आवाजच निराळा आला. मग ते म्हणाले, चाल, टांगा आणतो, सोनाराकडे जाऊ, तो पायातच ठेवून सैल करून देईन. तिने मान हलवली. जनाबाईच्या नळाचं पाणी बादलीत पडत असल्याचं इथवर ऐकू येत होतं.

"हातानं पाहा," ती म्हणाली.

भय्याजींनी मान वर केली. तिचं तोंड भिंतीकडेच होतं. कानाची पाळी तेवढी दिसत होती, लाल झालेली.

"हातानं होते का?" त्यांनी विचारलं.

"सकारी कोन दाबते मंग?"

ते एक वाक्य भय्याजींच्या आत उतरायला वेळ लागला. उलटी मात्रा हातभर अंतरावरून ओळखणारा माणूस. पण दहा-अकरा वर्षांच्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या होत्या आणि त्यांनी एकही वाचली नव्हती. चूल पेटलेली, ती उकिडवी बसलेली, एक हात फुंकणीवर, दुसऱ्या हाताच्या चिमटीत जोडवं, जरासं दाबलं की मिटलं. दात घासता-घासता रोज पाहिलं होतं त्यांनी. जे दोन बोटांनी मिटतं ते दोन बोटांनी उघडणार नाही का? करडीला चार दिवस पक्कड कुठे होती? कधी वाकवलीच नव्हती तेव्हा चांदी ताठ होती. ती कधीच नरम झाली असेल, दुसऱ्या वर्षी, फार तर तिसऱ्या. आणि तरीही ही बाई रोज दिवेलागणीला बोट ठणकत ठेवून, गोणपाटाची घडी घालून, दाराकडे डोळे लावून बसत होती. आजसुद्धा. बोट काळं-निळं होईपर्यंत. आपण इकडे तुटण्याच्या भीतीने रात्र-रात्र जागलो, आणि ही तिकडे काय धरून बसली होती. भय्याजींना एकदम रडू यावं तसं झालं, आणि हसूही, आणि दोन्ही त्यांनी गिळलं.

त्यांनी डावा हात टाचेखाली घातला. पाय थरथरला, पण मागे गेला नाही. इतका हलका असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. डोळ्यांनी तोललेला पाय त्यांच्या मनात जड होता. टाच खरबरीत आणि गार, भेगांमध्ये करडीच्या बांधीची माती अजून राहिलेली, आणि वर बोटाजवळ ताप आल्यासारखी ऊब. हाड जिथे तिरपं जुळलं होतं तिथे त्यांचा अंगठा आपोआप जाऊन थांबला. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडव्याच्या तोंडाशी लावली आणि फाकवलं. काहीच लागलं नाही. चांदी लोण्यासारखी सरकली. बोटावर जोडव्याचा पांढरा वळ उमटला होता, त्यात हळूहळू रक्त परत येताना दिसलं. तिने श्वास सोडला. जोडवं सैल झालं होतं. भय्याजींचा हात मात्र टाचेखालून निघाला नाही आणि तिनेही पाय काढून घेतला नाही. अड्याळच्या बकरीचं पुढं काय झालं, भय्याजींनी विचारलं. सापडली होती नं, ती म्हणाली, तुमाले सांगतलं नव्हतं का.

मग तिला एकदम आठवण झाली. तिने पाय आवरला, पदर डोक्यावर घेतला, आणि वाकून भय्याजींच्या पावलांवर कपाळ टेकवलं, एकदा, दोनदा, तीनदा, पाप फिटावं म्हणून. राहू दे, राहू दे, असं ते म्हणत राहिले. तिच्या केसांना नव्या धानाचा वास येत होता. उठून तिने ती दूर सारलेली पक्कड उचलली, सांधा मागेपुढे सरकवून पाहिला, जबड्यावरून बोट फिरवलं. इले दात लयच आहेत, चिंधी गुंडाळा लागन, असं स्वतःशीच म्हणत तिने सुईदोऱ्याचा डबा पुढे ओढला.

"बंडी काढा," ती म्हणाली. "आधी खिसा शिवा लागते."

"आता कायले पाहिजे पक्कड?" भय्याजी म्हणाले. "हातानं तर झालं."

तिने सुई दिव्याकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. "मंग उद्या कायनं सैल करान?" ती म्हणाली. "रोज रोज काय पाप लावता मले?" आणि सुईच्या नेढ्याकडे बघत असताना ती हसत होती, हे त्यांना दिसलं. भय्याजींनी मुकाट्याने बंडी काढून दिली.